रुद्राणीच्या बाजूची जागा

पालमला बाजाराच्या दिवशी या. निम्म्या बायांच्या हातात एक जाड हिरवी पिशवी दिसेल. वांगी, मेथी, पोरांची औषधं, सगळं त्याच पिशवीत. तिच्या एका बाजूला अरबीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत एकच नाव छापलेलं आहे, रुद्राणी. माझा भाऊ दर खेपेला या पिशव्यांचा गठ्ठा आणायचा आणि मी त्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना फुकट वाटायचो. त्याने पालमला आणखी काय काय दिलं यावर लोक तासभर बोलतील. मी आपलं पिशव्यांचं सांगतो, कारण त्या अजून फाटलेल्या नाहीत.

रुद्राणी म्हणजे माझी वहिनी. तिचं नाव मस्कतपासून सलालापर्यंत साठ-पासष्ट दुकानांवर दिव्यांनी उजळतं. तिने त्यातलं एकही दुकान पाहिलं नाही. आधी व्हिसा मिळेना. मग आमचे अप्पा अंथरुणाला खिळले आणि त्यांचं हागणं-मुतणं सगळं तिच्यावर पडलं. अप्पा गेले तेव्हा अण्णा म्हणाला, आता ये. तर ती म्हणाली, "आता कशाला? तिथं माझं नाव हाय की. मी आनखी कशाला पायजे?" ती हसत म्हणाली होती. मी समोर होतो. हसत होती खरी, पण पदर तोंडाला लावलेला होता.

अण्णा म्हणजे शिवाप्पा, माझा थोरला भाऊ. पेपरवाले त्याला उद्योगपती म्हणायचे. मला विचाराल तर किराणा दुकानदार. आमच्या घरात सगळेच किराणा दुकानदार. मी मल्लेश, पालमच्या मेन रोडवर वडिलांच्याच गादीवर बसतो. आमच्याकडे धंदा बसून करायचा असतो. मांडी घालायची, हाताशी तराजू, पाठीमागे डबे. अप्पा सकाळी बसले की दुपारी जेवायलाच उठत. अण्णाला ते कधी जमलं नाही, त्याच्या पायाला भिंगरी. लग्न झालं, मुलगा झाला, तरी हा गादीवर टिकेना. चौऱ्याऐंशी साली पूर्ण्याहून त्याने मुंबईची गाडी धरली आणि मुंबईहून विमान. किशनराव नावाचा त्याचा वर्गमित्र तेव्हा नुकताच पूर्णा जंक्शनला रेल्वेत लागला होता. गर्दीत त्याने अण्णाला खिडकीतून आत ढकललं आणि मागून ट्रंक ढकलली. "ट्रंक आधी ढकलायला पायजे होती," असं किशनराव अजून म्हणतो, "त्याच्या टाळक्यात बसली."

मस्कतला तो एका म्हाताऱ्या अरबाच्या किराणा दुकानात हमाल म्हणून लागला. निजामाच्या मुलखातले आम्ही, उर्दू आमच्या बोलण्यात मुरलेली. त्यामुळे तिथल्या हैदराबादी आणि पाकिस्तानी मजुरांशी त्याची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. त्या मजुरांना किलो-किलोने माल घेऊन ठेवायला ना जागा होती ना ऐपत. अण्णाने डाळीच्या, साखरेच्या, चहापत्तीच्या छोट्या पुड्या बांधायला सुरुवात केली, आमचे अप्पा बांधायचे तशा, दोरा गुंडाळून. त्या पुड्यांवर सगळं उभं राहिलं. म्हाताऱ्याने दुकान त्याच्या हवाली केलं, मग दुसरं झालं, मग दहावं. पण सुरुवातीच्या काळात एकदा सुट्टीवर आला तेव्हा माझ्या गादीकडे बघत तो म्हणाला होता, "मल्लेश, तिथं गादी नसती रे. दिवसभर उभंच ऱ्हावं लागतंय."

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग येतं आणि जन्मभर तिथेच राहतं. माणूस गेला की आम्ही त्याला जाळत नाही आणि आडवा पुरतही नाही. अंग गार व्हायच्या आत त्याची मांडी घालतात, भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला भस्म लावतात आणि बसलेल्याच माणसाला शेतात नेतात. तिथे चौकोनी खड्डा असतो. आत उत्तरेकडे तोंड करून बसवायचं आणि डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवायचं. म्हणजे तो आपला पूजेला बसलेला आहे. आम्ही मेला म्हणत नाही, लिंगैक्य झाला म्हणतो. लहानपणी मला या सगळ्याची भीती वाटायची. आता स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून थोडी काळजी वाटते, एवढंच.

वहिनी गेली ती लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात. विमानं बंद. अण्णा आणि त्याचा मुलगा शिवप्रकाश दोघंही मस्कतला अडकलेले. शिवप्रकाशला अण्णाने लहानपणीच हैदराबादच्या शाळेत वसतिगृहात घातलं आणि मिसरूड फुटताच तिकडे नेलं. वहिनीच्या वाट्याला नवरा वर्षाकाठी महिनाभर आणि मुलगा दिवाळीपुरता. याबद्दल अण्णावर माझा जो राग होता तो मी कधी लपवला नाही. त्याच्या तोंडावर बोललो होतो. तो म्हणायचा, "अजून दोन दुकानं होऊ दे." दुकानं झाली, आणखी दोन निघाली.

माझ्या मुलीने, ऋतुजाने, मोबाइल हातात धरून त्या दोघांना सगळं दाखवलं. वहिनीला बसवलं, हार घातला, खड्ड्यात उतरवलं. माती लोटायची वेळ आली तेव्हा मोबाइलमधून अण्णाचा आवाज आला, "मल्लेश, तिच्या बाजूला जागा ठेव. मी येऊन बसतो."

आमची अक्का तिथेच उभी होती. अक्का म्हणजे महादेवी, आम्हा दोघांची मोठी बहीण, राणीसावरगावला दिलेली. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, अण्णा नुकता शाळेत जायला लागलेला आणि अक्का स्वतः परकरी पोर. आम्हाला तिनेच वाढवलं. अण्णाला पूजेला बसायला तिने शिकवलं. तो उठून पळायचा आणि ती त्याची मांडी हातांनी दाबून धरायची. त्या दिवशी ती मोबाइलजवळ तोंड नेऊन ओरडली, "शिवा, शब्द दिलास बरं का! तुला हितं बसवल्याबिगर मी मरायची न्हाई."

दोन वर्षांनी विमानं सुरळीत झाल्यावर अण्णा आला. शेतात समाधीपाशी गेला. अक्का म्हणाली, बस जरा तिच्याजवळ. त्याने बसायचा प्रयत्न केला. उभं राहून राहून गुडघे कामातून गेले होते, मांडी घालताना कळ यायची. शेवटी मी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. खुर्चीत बसून तो बायकोच्या समाधीकडे वरून बघत राहिला. मग अक्काला म्हणाला, "जिवंतपणी जमंना गं अक्का. मेल्यावर तू बसव." अक्काने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण त्या दिवसापासून तिने ही एकच गोष्ट मनात धरली. जन्मभर बायकोपासून लांब राहिलेल्या भावाला शेवटी तरी तिच्या शेजारी बसायला मिळावं. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

यंदा माघात अण्णा गेला. मस्कतच्या दवाखान्यात, हृदयाने. शिवप्रकाशचा फोन आला तेव्हा अक्का माझ्याकडेच होती. तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि रडायच्या आधी सांगितलं, "प्रकाश, आधी त्याची मांडी घाल. अंग गार व्हायच्या आत. आईकलास का? आधी मांडी, मग बाकीचं." तिकडून शिवप्रकाश म्हणाला, "हो आत्या, हो." फोन ठेवल्यावर अक्का भिंतीला टेकली आणि मग रडली.

दाखले, वकिलातीची परवानगी, मधे तिकडची जुम्म्याची सुट्टी, यात सहा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत आम्ही शेतात खड्डा तयार केला. वहिनीच्या समाधीच्या पश्चिमेला, हातभर माती मधे सोडून. मी स्वतः उभा राहून खणून घेतला. काळी जमीन वाळून दगड झाली होती. कडेच्या करडईचे काटे येता-जाता पोटऱ्यांना लागत होते. गावातले लिंगायत एकेक करून येऊन खड्डा बघून गेले. कडा सरळ आल्यात म्हणाले, खोली बरोबर आहे म्हणाले. एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. जन्मभर आम्ही बसलेलीच माणसं पुरलेली. विमानातून आलेला माणूस आमच्यात अजून कुणी नव्हता.

अण्णाला आणायला हैदराबादला मी आणि किशनराव गेलो. किशनराव रिटायर होऊन पूर्ण्यालाच राहतो. घरी बुद्धाची मोठी तसबीर, तिच्या खालीच अण्णाने पाठवलेलं मस्कतचं कॅलेंडर. मी म्हणालो, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता. तर म्हणाला, "गाडीत मी बसिवलं, उतरून घ्यायला बी मीच येनार."

विमानतळावर आम्ही माणसं बाहेर येतात त्या दाराशी उभे राहिलो. बराच वेळ उभे. मग शिवप्रकाशचा फोन आला, "काका, तिकडे नाही. मालाच्या गोदामाकडे या." जन्मभर माल मागवणारा माझा भाऊ मालाच्या दारातून आला. पेटीवर चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर वजन लिहिलेलं. मी सही केली, चिठ्ठी वाचली नाही.

पेटी चांगली लांब होती. अॅम्ब्युलन्समध्ये तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं अंग चोरून बसलो. देगलूर मागे पडल्यावर किशनरावने पेटीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "मल्लेश, शिवाप्पा बसंल का रे?"

"न बसायला काय झालं?"

"न्हाई, इतकं दिवस आडवा हाय म्हनून म्हनलं."

"किशनदादा, तुमी गप बसा जरा."

पुढच्या सीटवर शिवप्रकाश काचेला डोकं टेकवून होता. त्याने ऐकलं असावं, कारण त्याने डोकं काचेवरून उचललं. पण मागे वळून बघितलं नाही.

पालममध्ये चौकाचौकात बॅनर लागले होते. बॅनरवर अण्णाचा कुठल्यातरी दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो. हातात कात्री, समोर लाल फीत, चेहऱ्यावर हसू आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. ज्याने कुणी तो फोटो निवडला त्याचं डोकं फिरलं असावं, पण त्या वेळी मला भांडायचं बळ नव्हतं. घराच्या अंगणात पाट मांडला होता. मागे टेकायला केळीचे खुंट, त्यांना झेंडूच्या माळा. मठाचे स्वामी येऊन बसले होते. अक्का पाटाशेजारी भुईवर बसली होती, जणू पाहुणा आत्ता येईल आणि बसेल.

पेटी उघडली. अण्णाला तिकडे कुणीतरी सूट घातला होता. पायात बूटही. चेहरा बरा होता, जरा सुजलेला, पावडर लावलेला. औषधाचा उग्र वास अंगणभर पसरला. अक्काने त्याचे बूट काढले, मोजे काढले. तळपायाला हात लावून म्हणाली, "लय गार पडलाय." मग म्हणाली, "बसवा त्याला."

आम्ही चौघांनी धरलं. मी पाय धरले. पाय वाकेनात. मेलेल्याचं अंग ताठतं आणि एक-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं हे मला ठाऊक होतं. पण विमानात चढवायच्या आधी प्रेत टिकावं म्हणून त्याच्या अंगात ते औषध भरलं होतं आणि ते अंग आता कायमचं तसंच राहणार होतं. मी टाच धरून उचलली तर कमरेपर्यंत अण्णा उचलला गेला. कुणीतरी म्हणालं, हळू. आम्ही त्याला परत खाली ठेवलं. पाटाकडे कुणी बघेना.

अक्का म्हणाली, "पानी तापवा. तेल आना कोमट करून." तिने कात्री मागवून पँट गुडघ्यांपर्यंत कापली, गरम पाण्याच्या फडक्याने पाय शेकले आणि गुडघे चोळायला घेतले. न्हाऊ घालताना लेकराचे पाय चोळतात तसे, वरून खाली, मग वाटीभोवती अंगठा फिरवत. अंगणात शंभर माणूस असेल. सगळे तिच्या हातांकडे बघत होते. ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"बस रं शिवा. थोडंच बस. पूजा झाली की जा खेळायला."

मी उठून आत गेलो. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीला धरून मी मोठ्याने रडलो. अप्पा गेले तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

बाहेर आलो तर आमचा एक चुलत भाऊ अक्काला सांगत होता, तिकडं एका गावात असंच झालं होतं म्हणे. गुडघ्यामागच्या शिरा सोडवल्या की माणूस बसतो. त्याच्या ओळखीत कंपाउंडर आहे, फोन केला तर लगेच येईल.

"बोलव," अक्का म्हणाली.

स्वामींनी मान खाली घातली. "महादेवीअक्का, अंगाला कापाकापी करून..."

"मग काय करू स्वामीजी? आडवा घालू? बेवारशावानी? ह्याला बसायला मी शिकिवलंय, माझ्या हातानं." मग ती शिवप्रकाशकडे वळली. तो ओट्याच्या कडेला बसला होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण खांदे पोरासारखे पाडलेले. "तुला मी सांगितलं होतं का न्हाई? तू हो म्हनलास."

"हो म्हणालो."

"मग?"

शिवप्रकाश म्हणाला, "त्यांनी मला पप्पांजवळ एकट्याला सोडलं होतं. नर्स म्हणाली, हवा तेवढा वेळ घ्या. मला वाटलं, मी पाय मुडपताना ती बघेल, काय म्हणेल. मग फोन सुरू झाले. सगळी दुकानं बंद ठेवायची होती. मॅनेजर विचारत होते, दुधाचं काय करायचं, भाजीचं काय करायचं. मी पप्पांच्या शेजारी बसून फोन घेत राहिलो. मग त्यांना घेऊन गेले."

दूध नासतं, भाजी सडते, हे अंगणात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. सगळे दुकानदारच. आणि अण्णा शिवप्रकाशच्या जागी असता तर त्यानेही फोनच घेतले असते, हेही सगळ्यांना कळत होतं. मला शिवप्रकाशचा इतका राग आला होता की एक ठेवून द्यावी वाटलं. पण ती कुणाला ठेवून द्यायची तेच कळेना, ह्याला की त्या पेटीतून आलेल्याला.

"आत्या, अजून एक सांगू का?" शिवप्रकाश म्हणाला. "पप्पांना पाय लांब करून झोपलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पहिली कितीतरी वर्षं ते दुकानातच झोपायचे, तांदळाच्या पोत्यांच्या मधे. तिथे जागाच नसायची. गुडघे पोटाशी घेऊन झोपायचे. मग तीच सवय लागली. एवढं घर बांधलं, एवढा पलंग घेतला, तरी त्याच्या एका कोपऱ्यात गोळा होऊन झोपायचे. शेवटच्या दिवशी नळ्या लावायला नर्सने त्यांचे पाय सरळ केले. सकाळी मला म्हणाले, प्रकाश, आज लय चांगली झोप लागली. पाय लांब केले की किती बरं वाटतंय रे." त्याच्या तोंडून अण्णाची बोली ऐकून दोन-तीन बायांनी डोळ्यांना पदर लावला. "मी खरंच गेलो होतो आत्या त्यांची मांडी घालायला. पायाला हात लावला. मग वाटलं, आत्ताच तर सरळ केलेत."

खरं कारण कोणतं, हे की फोनचं, मला माहीत नाही. दोन्ही असतील. त्यालाही माहीत नसेल.

अक्काचे हात गुडघ्यांवर थांबले होते. मग तिने पदराच्या टोकाने अण्णाच्या गुडघ्यांवरचं तेल पुसलं, आधी एका, मग दुसऱ्या. कापलेली पँट नीट ओढून पाय झाकले. चुलत भावाला म्हणाली, "नको बोलवू त्याला." आणि स्वामींना म्हणाली, "आडवाच नेऊ."

"न्या," स्वामी म्हणाले.

"दोष लागंल का?"

"लागला तर मला लागू दे."

"लय उभा ऱ्हायला वो," अक्का म्हणाली. "लय वर्सं उभा ऱ्हायला. झोपू द्या त्याला."

मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की खड्डा चौकोनी आहे. किशनराव उठला आणि दोन पोरांना घेऊन मोटारसायकलवर पुढे गेला. आम्ही अण्णाचा सूट काढला, अंघोळ घातली, पांढरं धोतर नेसवलं, भस्म लावलं आणि बांबूच्या तिरडीवर ठेवला. आमच्या घरातून तिरडी कधी निघाली नव्हती. ती बांधायला शेजारच्या मराठ्यांच्या घरातला माणूस बोलवावा लागला. आम्हाला गाठसुद्धा मारता येईना.

शेतात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. किशनराव खड्ड्याच्या काठावर घामाघूम बसला होता, धोतराला काळी माती लागलेली. पूर्वेला वहिनीची समाधी, त्यामुळे खड्डा पश्चिमेकडे बांधाच्या दिशेने लांब करून घेतला होता. तिथे जुन्या लिंबाची मुळं लागली होती, ती तोडून टाकली होती. आता तो कुणाच्याही खड्ड्यासारखा खड्डा दिसत होता.

उतरवायच्या वेळी प्रश्न आला, डोकं कुठल्या बाजूला. आमच्यात याचा नियमच नाही. बसलेल्या माणसाचं डोकं वर असतं. एक म्हणाला उत्तरेला, पण खड्डा तर पूर्व-पश्चिम. दुसरा म्हणाला जाळणाऱ्यांच्यात दक्षिणेला करतात. तिसऱ्याने मोबाइल काढला. अण्णा तिरडीवर, आमचे खांदे अवघडलेले, आणि आमच्यात वाद सुरू झाला. मी ओरडणार होतो, तेवढ्यात अक्का बोलली.

ती वहिनीच्या समाधीला टेकून बसली होती. तिने वाकून खड्ड्याच्या पूर्वेच्या भिंतीवर हाताचा पंजा ठेवला.

"हिकडं करा डोकं," ती म्हणाली. "रुद्राणीची मांडी हितं हाय."

तेव्हा मला दिसलं. भिंतीच्या पलीकडे वहिनी बसलेली होती, आम्हीच बसवली होती, मांडी घालून. सगळ्यांना दिसलं असावं, कारण वाद घालणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

शिवप्रकाश खड्ड्यात उतरला. बापाचं डोकं त्याने दोन्ही हातांत धरून घेतलं. अण्णाचं लिंग शिवप्रकाशच्या खिशातल्या चांदीच्या डबीत होतं, दवाखान्याने काढून दिलेलं. अण्णाचा तळहात उघडेना, म्हणून त्याने ते छातीवर ठेवलं. वरून ऋतुजाने बेलाची पानं दिली. पानं त्याच हिरव्या पिशवीत भरून आणली होती. शिवप्रकाशने पिशवी रिकामी केली, तिच्यावरचं नाव बघितलं, घडी घातली आणि कुणाला न विचारता अण्णाच्या डोक्याखाली सरकवली. स्वामींनी बघून न बघितल्यासारखं केलं.

"अजून जवळ घे," अक्का वरून म्हणाली.

त्याने सरकवलं.

"अजून."

"आत्या, भिंत लागली."

मी तेव्हा अक्काचा दंड धरून उभा होतो. माझा राग गेला, असं मी म्हणणार नाही. वहिनीला हे जिवंतपणी हवं होतं आणि ते तिला मिळालं नाही, हे मी आजही म्हणतो. पण त्या दोघांच्या मधे आता फक्त तेवढीच माती उरली होती, खड्डा खणताना मीच रीत म्हणून सोडायला लावलेली. मी अक्काकडे बघितलं. तिच्याही मनात तेच आलं होतं.

"काढता यील का ती?" तिने विचारलं.

किशनरावने मान हलवली. "न्हाई अक्का. वहिनी ढासळतील."

मग आम्ही मूठ मूठ माती टाकली. मधली हातभर माती तशीच राहिली.